पुढं काय?

रात्रीचे अकरा. मेसची खिचडी पोटात आणि उद्याचं सबमिशन डोक्यात. आमचा रूम पार्टनर मात्र लॅपटॉपवर अमेरिकेतला बेसबॉलचा सामना बघत बसलेला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक गोष्ट डोळ्यात भरली. साठीच्या घरातले, पोट सुटलेले एक आजोबा टीमचाच ड्रेस घालून मैदानात चालत आले.

"हे पण खेळतात का रे?"

"येड्या, कोच आहे तो!"

बेसबॉलमध्ये म्हणे तशी रीतच आहे. खेळाडू रिटायर होतो, कोच होतो, पण अंगावर तोच ड्रेस. मला गंमत वाटली. आणि नेमका तेव्हाच घरून फोन आला.

"तू तिला जरा समजावून सांग," पप्पा म्हणाले. "दहावीचं वर्ष हाय अन् ही सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर. खो-खो खेळून पुढं काय?"

मित्रांनो, मी धाराशिवचा (माझ्या बारावीच्या दाखल्यावर अजून उस्मानाबाद आहे, त्यामुळे ऑफिसात दरवेळी खुलासा करावा लागतो). आमच्याकडं पाऊस कमी, कारखाने कमी. पण खो-खोच्या पोरी मात्र भरपूर! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आमची अश्विनी शिंदे होती. त्या दिवसापासून धाकटीचे पाय जमिनीवर नाहीत.

पण पप्पांचा प्रश्न खोटा नव्हता. हॉस्टेलवर आम्ही तरी दुसरं काय विचारतो एकमेकांना? त्याचं उत्तर शोधताना मला सारिका काळे आठवल्या. सारिकाताई म्हणजे आमच्या गावच्याच. साधारण तेराव्या वर्षी मामांमुळे त्या मैदानावर आल्या. घरची परिस्थिती इतकी बेताची की आई शिवणकाम करायची आणि जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळायचं, हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. आपण इथं पोळी कडक म्हणून मेसवर बहिष्कार घालतो!

२०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी सुवर्णपदक मिळवलं. वाचून वाटेल, झालं, भाग्य उजळलं. पण त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीनं त्या खेळ सोडायला निघाल्या होत्या. खोलीचं दार लावून बसल्या. त्यांचे प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून परत मैदानावर आणलं. ज्या वर्षी भारताची कप्तान, त्याच वर्षी घरात पैसा नाही... हे वाक्य मी दोनदा वाचलं.

क्रिकेटवाल्यांना हे कळणार नाही. खो-खोत आठ जणी पाटीवर बसतात, नववी पळते. पुढं नऊ मिनिटं नुसता दम. वळताना गुडघा जातो, खांबावर सूर मारताना खांदा जातो. पंचविशी-तिशीत खेळ आटोपतो. पैशाची फ्रँचायझी लीग आली ती २०२२ साली पुण्यात, तीही पुरुषांची. मुलींच्या वाट्याला राहतं काय? दहावी-बारावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आणि त्यासाठी जपून ठेवलेली प्रमाणपत्रं. बेसबॉलवाल्याचा खेळ हीच त्याची नोकरी. आमच्याकडं खेळ नोकरीपर्यंत पोचवतो. तोही पोचवला तर.

सारिकाताईंना पोचवलं. त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोला तब्बल २२ वर्षांनी. त्याच वर्षी पुरस्काराची रक्कम ५ लाखांवरून १५ लाख झाली होती. कोरोनामुळे सोहळा ऑनलाइन. पण मला पुरस्कारापेक्षा ती तालुक्याची खुर्चीच जास्त महत्त्वाची वाटते. शालेय स्पर्धा तालुक्यापासूनच सुरू होतात; तिथून जिल्हा, विभाग, राज्य. चौदा वर्षांखालची एखादी पोर पहिल्यांदा मैदानात उतरते ती तिथं. आणि टेबलापलीकडं बसलेल्या बाईंना रिकाम्या पोटी पळणं म्हणजे काय ते माहीत असतं. बेसबॉलच्या कोचसारखा अंगावर टीमचा ड्रेस नाही, एवढाच फरक.

हे सगळं डोक्यात घेऊन गणपतीच्या सुट्टीत घरी गेलो. खरं सांगतो, पप्पांनी सांगितलेलं तिच्या कानावर घालायचंच ठरवलं होतं. मी स्वतः अकरावीत सीईटीसाठी खो-खो सोडला. कोणी समजूत घालायला आलं नाही आणि मीही दार लावून बसलो नाही. इतकं काही वाईट वाटलं नव्हतं. निदान तेव्हा.

सकाळी सहाला तिला सोडायला ग्राउंडवर गेलो. तिच्या सरांनी ओळख ना पाळख, माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं. "तुम्ही वेळ लावा, मी खो बघतो."

धाकटी आत उतरली. घरी धांदरट म्हणून रोज बोलणी खाणारी पोर! इथं मात्र तिची नजर पाटीवरच्या एकेकीवर फिरत होती. दोनदा हुलकावणी दिली, एकदा खांबाआडून अशी निसटली की मीच ओरडलो. शेवटी बाद झाली.

"किती?" धापा टाकत विचारलं.

"दोन मिनिटं अकरा सेकंद."

"काल दोन-चार होते, दादा."

घरी आलो तर पप्पा ओट्यावर पेपर वाचत बसलेले. शेजारी जिल्हा स्पर्धेचा फॉर्म, पालकांच्या सहीची जागा कोरी.

"बोललास का तिला?"

"पेन द्या," मी म्हणालो. "भाऊ सही करू शकतो का, ते विचारून येतो."

पप्पांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मी परत हॉस्टेलला निघेपर्यंत त्यांचा वाचून झाला नव्हता.