शब्द आपले, जुळणी सगळ्यांची

कन्नडमधून मराठीत भाषांतर करताना मला शब्द अडवतात, वाक्य फारसं अडवत नाही. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी बसतात. कन्नडमध्ये ‘अंत’ आलं की मराठीत ‘म्हणून’ तयारच असतं. ही सोय एका शिवारात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांनी घडवली आहे, आणि ती कशी घडते ते सांगलीजवळच्या कुपवाडात दिसतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली या गावावर लेख प्रसिद्ध केला. जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, एकमेकांशी बोलायला मराठी. ‘पाला कापून घेऊन आलो’ याला तिथली उर्दू ‘पाला काट के ले के आया’ म्हणते. कन्नडचे तुकडेही त्याच क्रमाने येतात. ग्रांथिक कन्नडमध्ये ‘हे तुमचं घर’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं. कुपवाडची कन्नड मराठीसारखं शेवटी ‘आहे’ लावते. तिथल्या उर्दूने ‘नदी आई’ (नदी आली) सोडून ‘नदी आया’ धरलं, कारण कन्नडमध्ये नदीला स्त्रीलिंग नाही.

शब्द उसने घेता येतात, व्याकरण नाही, हा आपला जुना समज. कुपवाडात घडलं ते नेमकं उलटं. माणूस कोणत्या घरचा हे शब्दावरून कळतं, म्हणून शब्द जपले गेले. वाक्याच्या जुळणीकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून ती एक होत गेली. यावर रास्त आक्षेप असा, की मग मराठीने ‘नदी आली’ का सोडलं नाही? देवाणघेवाण बरोबरीची नव्हती, हे मान्य करायला हवं. चौकातली भाषा मराठी होती, पुढे 1960नंतर राज्याचीही तीच झाली. वाकणं जास्त इतरांच्या वाट्याला आलं. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा तिन्ही भाषा एकाच साच्यात बसतात या मांडणीलाच त्यांनी प्रश्न विचारले. मला ते पटतं, कारण तो न बसणारा भाग भाषांतरात रोज हाताला लागतो. कन्नडमध्ये पाऊस, नदी, पाणी सगळ्यांना एकच ‘बंतु’ पुरतं. मराठीत मात्र दर वेळी थांबून ठरवावं लागतं: पाऊस आला, नदी आली, पाणी आलं.