वाऱ्याचा वाटा

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत २०० किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करावी लागते. तिच्या सरावासाठी आम्ही सहाजण मे महिन्यात पहाटे मुलुंड चेकनाक्यावरून कसारा घाटाकडे निघालो. रांगेतील पहिला स्वार वारा अंगावर घेतो, तेव्हा मागच्यांचे कष्ट हलके होतात. म्हणून हा वाटा प्रत्येकाने आळीपाळीने उचलायचा, असा रांगेचा अलिखित नियम.

किनाऱ्यालगतच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, आणि वाळल्याखेरीज तो अंगाला गारवा देत नाही. पडघ्यापुढे तर ऊन भाजू लागले. शहापूरच्या अलीकडे आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ काकांचे बोलणे अडखळले. तरीही ते पुढे सरसावले. “माझा वाटा मी टाकणार नाही,” ते म्हणाले. “काका, आज तो आमच्याकडे द्या,” असे विनवीत आम्ही त्यांना सावलीत निजवले, अंगावर पाणी ओतले आणि दवाखान्यात नेले. ते सावरले. घाट राहिला, आसनगावहून सारे लोकलने परतलो.

वाटा उचलणे शरीराच्या सरावाने जमते. तो विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवायला मात्र मनाचा सराव लागतो. काकांना तो त्या दुपारी करावा लागला. आम्हा इतरांचा अजून व्हायचा आहे.