चार नंबरचं भाडं

बार्सिलोनाहून क्रूझवर जायचं असेल तर टॅक्सीचा विचार करण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: आपलं जहाज नक्की कुठल्या धक्क्याला लागतंय? तिकिटावर नुसतं 'बार्सिलोना' असतं, आणि बंदर चांगलंच लांबलचक आहे. काही जहाजं कोलंबसाच्या पुतळ्याजवळ, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या अंगाला लागायची. तिथे शहरातून चालत जाता येतं. मोठी जहाजं मात्र मोल अदोसात नावाच्या लांब धक्क्याला लागतात. मध्ये उघडमीट होणारा पूल आहे, तो ओलांडून पलीकडे. आमचं जहाज तिथलं होतं.

विमानतळापासून हे अंतर साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. म्हणजे दादरहून अंधेरीच्या थोडं पुढे. एवढ्यासाठी मी एक एक्सेल शीट बनवली होती, यावर आई अजून हसते. पण २०२२ च्या त्या सप्टेंबरात आमचं विमान दुपारी दीडला उतरणार होतं आणि साडेपाचच्या आत जहाजावर असणं भाग होतं. जहाज थांबत नाही. बाबांनी निवृत्तीनंतर बाजूला ठेवलेले पैसे आणि माझा दीड वर्षाचा बोनस त्या जहाजात जाऊन बसला होता.

शीटमध्ये तीन रकाने होते. पहिला बसचा. एरोबस प्लासा कातालुन्यापर्यंत, तिथून रांब्ला उतरून पुतळ्यापाशी, आणि तिथून धक्क्यावर जाणारी वेगळी बस. तिघांचे मिळून पंचवीस-तीस युरो. बरोबर चार बॅगा आणि आईचा गुडघा. दुसरा रकाना आधी बुक केलेल्या खासगी गाडीचा. ती साठ युरोच्या वर जात होती, पण ड्रायव्हर आपल्या नावाची पाटी घेऊन उभा राहतो. आईचं मत या रकान्याला होतं. सिनेमात असतं तसं आडनावासकट कुणीतरी आपली वाट बघतंय, हे तिला एकदा बघायचं होतं. तिसरा रकाना रांगेतल्या टॅक्सीचा: ३९ युरो, ठरलेले. तेव्हाच्या भावानं तीन हजार रुपयांच्या वर.

हा तिसरा आकडा पाहून बाबा थांबले. "ठरलेले म्हणजे? मीटर नाही?"

बाबांनी मुंबईत सव्वीस वर्षं काळी-पिवळी चालवली. आजोबा गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर घरात पगार यायचा बंद झाला आणि बाबांनी कॉलेज सोडून पुढे बॅज काढला. आधी दुसऱ्याची गाडी, मग स्वतःची पद्मिनी, शेवटी सीएनजीवरची छोटी गाडी. २०१७ मध्ये त्यांनी धंदा बंद केला. ॲपवाल्या गाड्यांमुळे का, असं लोक विचारतात. ते म्हणतात, पाठीमुळे. दोन्ही खरं असावं.

आणि मी? मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते हॉटेलच्या खोल्यांचे भाव मागणीप्रमाणे बदलत राहतं. रात्री अकराला एक दर, सकाळी सातला दुसरा. आमच्या घरात या विषयावर फारसं बोलणं होत नाही. एकदाच बाबा म्हणाले होते, "म्हणजे तू टॅरिफ कार्ड फाडून टाकायचं काम करतोस." जुन्या मीटरवर आकडा एक दिसायचा आणि भाडं कार्ड बघून सांगायचं, ते कार्ड त्यांनी अजून कपाटात ठेवलंय.

तर ३९ युरो. बार्सिलोनाच्या टॅक्सीला दरांचे नंबर असतात. एक म्हणजे कामाच्या दिवशीचा दिवसाचा दर, दोन म्हणजे रात्रीचा आणि सुट्टीचा. चार नंबर फक्त एका प्रवासासाठी आहे: विमानतळ ते मोल अदोसात, किंवा उलट. त्यात विमानतळाचा आकार, बंदराचा आकार, बॅगा, सगळं धरलेलं. मीटरनं गेलं तर कदाचित थोडं कमी होईल, कदाचित जास्त, असं मी म्हटलं.

"ट्रॅफिक लागला तर नुकसान कुणाचं?"

"ड्रायव्हरचं."

"आणि रस्ता मोकळा असला तर फायदा त्याचाच. मग तो सरळ नेईल. घे हीच."

तीन रात्री खपून केलेली शीट दोन प्रश्नांत मिटली. बाबांनी नेमकं तेच विचारलं होतं जे आम्ही ऑफिसात तासन् तास बोलतो: जोखीम कोण उचलणार? मीटरमध्ये ती पॅसेंजरची असते, ठरलेल्या भाड्यात ड्रायव्हरची. ॲपमध्ये आकडा आधी दिसतो म्हणून तो ठरलेला वाटतो, पण तो ठरतो तुम्ही किती अडलेले आहात त्यावर. हे मी पगार घेऊन सांगतोय.

बाबांना दुसरंही एक आवडलं. विमानतळावरून निघालात तर तेव्हा कमीत कमी भाडं वीस-एकवीस युरो होतं, मग तुम्ही दोन किलोमीटरवर का उतरेनात. मला हे लुटीसारखं वाटलं होतं. बाबांनी त्याची दुसरी बाजू सांगितली. विमानतळाच्या लाइनीत टॅक्सीवाला तीन-चार तास उभा असतो. गाडीत जेवतो, गाडीत झोपतो, पुढची गाडी सरकली की उठून आपली सरकवतो. मग नंबर लागतो आणि पॅसेंजर म्हणतो, "विलेपार्ले." सगळा दिवस गेला. पॅसेंजरला वाटतं हा माणूस उर्मट आहे. "तुझ्या आईला मी पहिल्यांदा कुलाब्याला फिरायला नेणार होतो," बाबा म्हणाले, "त्या दिवशी मला पार्ल्याचंच भाडं लागलं होतं." कुलाबा राहिलं. ही गोष्ट मी तीस वर्षांच्या आतबाहेर असताना पहिल्यांदा ऐकली, आईनं तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

विमान उशिरा उतरलं. बॅगा हातात येईपर्यंत साडेतीन वाजले होते. बाहेर रांगेचा माणूस बोटानं खुणावत एकेकाला गाडीकडे पाठवत होता, आणि समोर ओळीनं काळ्या-पिवळ्या. बाबा जागच्या जागी थांबले. "आपल्याकडे टप पिवळा, यांच्याकडे दारं पिवळी," एवढंच म्हणाले. खरं तर नातं जुनं आहे. पद्मिनी मुळात फियाट ११००; आणि बार्सिलोनाच्या रस्त्यांवर एकेकाळी धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या सेआत १५०० सुद्धा फियाटच्याच परवान्यावर बनलेल्या. एकाच घरच्या दोन बहिणी, लांब लांब दिलेल्या.

ड्रायव्हर पाकिस्तानी पंजाबचा निघाला. या शहरात ते नवल नाही. पाकिस्तानातून आलेले कितीतरी लोक इथे टॅक्सी चालवतात. मी स्पॅनिशमधली पाठ केलेली दोन वाक्यं म्हणत होतो, तोवर तो बाबांना म्हणाला, "बैठिए अंकल, आगे बैठिए." त्यानं बटण दाबलं. बाबांनी मान पुढे काढून मीटर बघितला. चार.

मग पंचवीस मिनिटं माझा आणि आईचा काहीच संबंध उरला नाही. बाबांनी आधी विचारलं, परमिट किती? लाखाच्या वर युरो, तोही हप्त्यानं. बाबांनी हळूच शीळ घातली. आठवड्यात ठरलेल्या दिवशी गाडी बंद ठेवावी लागते, हेही त्यांना पटलं. "सबको धंदा मिलता है." मग ॲपचा विषय निघालाच. तो सांगत होता त्यातलं बरंच मी वाचलेलं होतं: जानेवारी २०१९ मध्ये इथल्या टॅक्सीवाल्यांनी ग्रान विया हा मोठा रस्ता दिवसेंदिवस गाड्या लावून अडवला, तंबू ठोकून तिथेच राहिले. मग कॅटलन सरकारनं नियम काढला की ॲपवरची खासगी गाडी किमान पंधरा मिनिटं आधी बुक झालेली पाहिजे. उबरनं शहर सोडलं आणि २०२१ मध्ये परतली ती टॅक्सीवाल्यांनाच ॲपवर घेऊन.

"मतलब जीत गए?" बाबांनी विचारलं.

"जीते नहीं अंकल. टिके हुए हैं."

बाबा बराच वेळ बाहेर बघत राहिले. मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांना जॉर्ज फर्नांडिसांनी संघटित केलं होतं, त्या युनियनच्या गोष्टी बाबा एरवी रंगवून सांगतात. इथे त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. डावीकडे डोंगर गेला, मोंजुइक. त्याच्या उतारावर, बंदराकडे तोंड करून, थरावर थर रचलेली दफनभूमी. आई म्हणाली, "काय छान इमारती आहेत." मी गप्प राहिलो. ड्रायव्हरही राहिला. बंदराकडे वळून आम्ही कंटेनरांच्या भिंतींमधून पुलावर चढलो आणि समोर जहाज आलं. फोटोत ते जहाज दिसतं. प्रत्यक्षात ती आमच्या सोसायटीपेक्षा उंच अशी खिडक्यांची रांग होती. आईनं माझा हात घट्ट धरला.

चार वाजून दहा मिनिटं. बाबा सवयीनं उतरून डिकीकडे गेले, ड्रायव्हर धावत आला, "अरे, आप सवारी हैं!" दोघांमध्ये त्या मोठ्या निळ्या बॅगेवरून थोडी ओढाताण झाली. ड्रायव्हरनं ती काढली. मी पन्नासची नोट दिली, त्यानं अकरा युरो मोजून परत केले, त्यातले पाच बाबांनी माझ्या हातातून उचलून त्याच्या हातावर ठेवले. तो नको म्हणाला. "चाय," बाबा म्हणाले.

तो गाडीत बसला. टपावर हिरवा दिवा लागला आणि टॅक्सी टर्मिनलपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आई काउंटरच्या दिशेनं निघाली होती, पासपोर्टची पिशवी छातीशी धरून. बाबा अजून तिथेच.

"बाबा, चला."

"सतरा गाड्या आहेत पुढे," ते म्हणाले. "लवकर नाही लागायचा नंबर त्याचा."