भिंतीतली सोंगटी

‘स्वतःच्या हिमतीवर’ हे आपल्याकडे कौतुकाचे शब्द आहेत. निवृत्तीचा समारंभ असो वा लग्नाचा रौप्यमहोत्सव, भाषण करणारा ते उच्चारल्यावाचून खाली बसत नाही. दुष्काळी गावांतून निघून पुण्यात घर उभारलेल्या पिढीला ते शोभतातही. या शब्दांकडे थोड्या निराळ्या नजरेने पाहायला मला शिकवले ते एका जपानी खेळाने.

खेळाचे नाव माहजोंग. तो मूळचा चीनमधला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तेथे आकाराला आला, १९२० नंतरच्या दशकात अमेरिका-युरोपात त्याचे वेड पसरले आणि जपानने त्याला स्वतःचे नियम दिले. आपल्या पुण्याच्या कॅम्पातही हे नाव अगदीच अनोळखी नाही. लष्करी अधिकाऱ्यांच्या घरांतून हा खेळ वर्षानुवर्षे खेळला जातो. आमच्या घरी मात्र तो दुसऱ्या वाटेने आला. आमची मुलगी जपानी शिकली. पुण्याचे आणि त्या भाषेचे नाते जुने आहे; सिंहगड रस्त्यावरचे, ओकायामा शहराच्या मैत्रीची खूण असलेले उद्यान अनेकांनी पाहिले असेल. भाषेपाठोपाठ मुलीने सोंगट्यांची पेटीही घरी आणली. खेळाला चौघे लागतात. मी, माझे पती, मुलगी आणि चौथे माझे धाकटे दीर. रविवारी संध्याकाळी पैसे न लावता आमचा डाव रंगू लागला.

रमी येणाऱ्याला हा खेळ परका वाटणार नाही. पत्त्यांऐवजी १३६ सोंगट्या असतात. प्रत्येकाच्या हाती तेरा. आपली पाळी आली की एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी जमली की डाव लागला. लावणारी शेवटची सोंगटी दोन वाटांनी येऊ शकते. दुसऱ्याने टाकलेली सोंगटी आपल्याला हवी तीच निघाली, तर ‘रोन’ म्हणून ती घ्यायची. तेव्हा सारे गुण टाकणाऱ्या एकट्यालाच भरावे लागतात. ती आपण स्वतः भिंतीतून उचलली, तर ‘त्सुमो’ म्हणायचे. तेव्हा उरलेले तिघेही भरतात. त्यातही वाटणाऱ्याला इतरांच्या दुप्पट द्यावे लागते. जपानीत त्या वाटणाऱ्याला ‘ओया’ म्हणतात आणि बाकीच्यांना ‘को’. ओया म्हणजे पालक, को म्हणजे लेकरू.

भावोजींना त्सुमो फार प्रिय. दुसऱ्याची टाकलेली सोंगटी ते सहसा घेतच नाहीत. शेवटपर्यंत काही न घेता, हात झाकलेला ठेवून स्वतः उचललेल्या सोंगटीने डाव लावला, तर या खेळात वेगळा मान आहे. त्याचे गुण वाढवून मिळतात. हा नियम ऐकला तेव्हा ते म्हणाले होते, “वहिनी, हा माझाच खेळ.”

ते खोटे नव्हते. १९७२ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून ते निघाले, तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते. पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे काढली. कोणाकडे हात पसरला नाही. जाऊबाई गेल्यानंतर ते एकटेच राहतात. दोन वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास सुरू झाला. तपासण्या, फाइली, रिक्षा, रांगा, सारे एकट्याने. माझ्या पतींनी कितीदा सांगितले, “मी सोबत येतो.” उत्तर ठरलेले, “कशाला? मी समर्थ आहे.” एका रात्री जिन्यात बसून त्यांनी दुखणे थांबण्याची वाट पाहिली, हे आम्हांला शेजाऱ्यांकडून आठवड्याने कळले. त्या दिवसापासून माझ्या पतींची झोप उडाली.

जपानी पद्धतीत टाकलेल्या सोंगट्या रमीसारख्या एका ढिगात जात नाहीत. प्रत्येकजण त्या आपल्यासमोर, टाकल्या त्या क्रमाने, सहा-सहाच्या ओळींत मांडून ठेवतो. कोणी काय नाकारले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते. त्यावरच ‘फुरितेन’ नावाचा एक कठोर नियम उभा आहे. डाव लावणारी सोंगटी तुम्ही आधी स्वतःच टाकली असेल, तर ती दुसऱ्याने पुढे केली तरी तिच्यावर डाव लावता येत नाही. ती भिंतीतून पुन्हा स्वतःच उचलावी लागते. मुलीने हा नियम समजावला, तेव्हा माझी नजर नकळत दोघा भावांकडे गेली. इतक्यांदा नाकारलेला हात थोरल्याने आणखी किती वेळा पुढे करायचा?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी डाव अगदी संपत आला होता. खेळात उचलण्याजोग्या सोंगट्या सत्तरच असतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सतरा-अठरा पाळ्या. अवघ्या काही सोंगट्या उरल्या असताना भावोजींनी एक उचलली आणि हात उघडला. “त्सुमो! स्वतःची सोंगटी. कोणाचे देणे नाही.”

मुलगी गुण मोजता मोजता सहज म्हणाली, “पण काका, ही बाबांनी रचलेल्या भिंतीतली.”

ती हसत होती. तिला घरचा इतिहास पुरता ठाऊक नाही. पण म्हणाली ते खरे होते. डावाच्या आरंभी चौघेही आपापल्यासमोर सतरा लांब आणि दोन थर उंच अशी सोंगट्यांची भिंत रचतात. चार भिंतींचा चौकोन होतो आणि सर्वजण त्याच चौकोनातून उचलत जातात. स्वतः उचललेली सोंगटी स्वतःच रचलेली असतेच असे नाही.

भावोजी काही बोलले नाहीत. मला मात्र सासूबाई आठवल्या. धाकट्याच्या आयटीआयच्या फीसाठी त्यांनी दोन शेळ्या विकल्या होत्या. लग्नासाठी साठवलेले पैसे नणंदेने काढून दिले. थोरल्याने शाळा सोडली आणि तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. भरणारे तिघे होते. ओयाने दुप्पट भरले. यांपैकी एकानेही ते कधी बोलून दाखवले नाही. म्हणूनच कदाचित भावोजींना आपला हात रिकामा होता असे वाटत राहिले. त्यांचे कष्ट खरेच होते. उचलणारा हात त्यांचाच होता. पण भिंत नसती, तर त्या हाताने उचलले काय असते?

पुढे तीन आठवडे ते खेळायला आले नाहीत. आम्हांला काळजी वाटली. मुलगी तर हिरमुसली. मग एका सकाळी मिस्सा आटोपून देवळाच्या पायऱ्या उतरताना ते माझ्या पतींजवळ आले आणि खाली पाहतच म्हणाले, “दादा, मंगळवारी तपासणी आहे. येशील का?” माझे पती एवढेच म्हणाले, “किती वाजता?”

विचारणे त्यांनाच भाग होते. ते दुसऱ्या कोणाला त्यांच्या वतीने करता आले नसते, आणि आम्ही कितीही विनवण्या केल्या असत्या तरी उपयोग झाला नसता.

भावोजी आजही एकटेच राहतात आणि आमच्याकडे कायमचे येण्याचा विषय काढला की हात झटकतात. पण औषधांच्या फाइलीची एक प्रत आता आमच्या कपाटात आहे आणि त्यांच्या घराची एक किल्ली आमच्या खुंटीवर. डाव संपला की सोंगट्या पालथ्या करून चौघेजण दोन्ही हातांनी ढवळतात, हातांना हात लागतात, आणि पुन्हा प्रत्येकजण आपल्या वाट्याच्या चौतीस सोंगट्यांची भिंत रचू लागतो. रचताना कोणालाच ठाऊक नसते, आपल्या भिंतीतली कोणती सोंगटी कोणाचा डाव लावणार आहे.