कुडाला लावलेली तुंबडी

छंद जोपासा, अभ्यासाचा ताण हलका होईल, असं मुलांना आपण सगळेच सांगतो. मीही सांगते. पण पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी आली की या सांगण्यावरचा माझा विश्वास डळमळतो.

1963 पासून पुण्यात महाविद्यालयीन मुलं या एकांकिकांसाठी जीव टाकतात. सबमिशन राहिलेली, हजेरी कमी पडलेली, आणि तालीम मात्र रात्री उशिरापर्यंत. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ घुमतो तेव्हा विंगेत उभ्या पोरांचे हात गार पडलेले असतात. 2022 मध्ये परीक्षकांना एकही एकांकिका त्या तोलाची वाटली नाही आणि करंडक कुणालाच मिळाला नाही. याला विरंगुळा म्हणायचं?

अशा मुलांना घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी.’ या न्हाव्याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तुंबडी लावायची ती दुखऱ्या अंगाला, नासकं रक्त ओढून काढायला. कुडाच्या भिंतीत कुठलं रक्त? मग तो का लावत असेल? हात चालू राहावा म्हणून? की दिवसभर लोकांची दुखणी ओढून काढल्यावर, न कण्हणारं काहीतरी त्याला समोर हवं होतं? कूड बरा होत नाही, बिघडतही नाही, आणि काम कसं झालं हे कुणी विचारत नाही. कदाचित त्या दिवशी गिऱ्हाईकच आलं नसेल आणि संध्याकाळच्या चुलीची काळजी तो असा थोपवत असेल. तो रिकामा आहे हे ठरवलं कुणी? जाणाऱ्या-येणाऱ्यानं. त्याला कुणीच विचारलेलं दिसत नाही.

आणि तो नुसता बसून राहिला असता तर? हे मला जास्त छळतं. हनुमान टेकडीवर संध्याकाळी एकटी बसणारी एक विद्यार्थिनी मला म्हणाली, ‘इथं बरं वाटतं, पण खाली सगळे काहीतरी करत असतील या विचारानं पोटात गोळा येतो.’ तिच्या हाती ना नाटक, ना गिटार. तिला छंद लावून घे म्हणावं, तर तिचा एवढासा मोकळा वेळही कामाला जुंपल्यासारखा होईल. बसून राहा म्हणावं, तर तो गोळा आहेच.

तालमीतली मुलं म्हणतात, नाटक नसतं तर वर्ष निघालं नसतं. त्यांच्यातलाच एखादा म्हणतो, नाटकापायी वर्ष गेलं. दोघांपैकी कुणालाही समजावायला माझ्याकडे शब्द नाहीत.