केडगावची आग आणि मी न जाता लिहिलेली बातमी

परवा तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभा होतो. पुढचा माणूस मागे वळला, दोनदा बघितलं आणि म्हणाला, "सर, ओळखलं का? तो पत्र्याच्या शेडवाला मी."

ओळखलं. लगेच ओळखलं. आणि खरं सांगतो, रांग सोडून निघून जावंसं वाटलं.

काही वर्षांपूर्वी मी एका दैनिकाचं तालुक्याचं काम बघायचो. एका संध्याकाळी फोन आला की बायपासला एका पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी गर्दी जमते, रडारड चालते, धर्मांतर चाललंय. पान सुटायला तासभर होता. मी पोलीस ठाण्यात एक फोन केला आणि दोन कॉलमी बातमी पाठवली. मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकलं. आमच्या धंद्यात प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी संपते असा समज आहे. आठवड्यात जागामालकाने शेड रिकामं करून घेतलं. मी पुढच्या बातमीला लागलो.

दाखल्याचं सर्व्हर डाऊन होतं, त्यामुळे चहाला गेलो. हे गृहस्थ एमआयडीसीत फिटर आहेत, रविवारी पाळक. पगार कंपनीचा, मंडळीकडून काही घेत नाहीत. मी विचारलं, आपल्या गावात मिशनचं जुनं दगडी चर्च असताना तुम्हाला वेगळी मंडळी कशाला हवी होती? त्या चर्चच्या जागेवरून दोन गटांची केस वर्षानुवर्षं चालू आहे, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. ते त्यावर एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, विहिरीला पाणी लागलं नसेल तर पाइपलाइन कितीही लांब टाका. आधी संजीवन, मग मंडळी. केडगावला काय झालं ते वाचा एकदा."

केडगाव म्हणजे आपलं दौंड लाइनवरचं. रेल्वेने शंभरदा तिथून गेलोय. पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन तिथे आहे एवढं माहीत होतं. बाकी कोरं. मग बसून वाचलं.

दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका, असा मोठा संसार रमाबाई तिथे चालवत होत्या. १९०४ मध्ये वेल्समध्ये संजीवनाची लाट उठली, तिच्या बातम्या इकडे येत होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला मुलींना बोलावलं. सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे एक मुलगी ओरडत उठली की अंगात आग पेटलीय. शेजारची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली, कारण तिला खरंच ज्वाळा दिसल्या होत्या. पाणी ओतायची वेळ आली नाही, आग नव्हतीच. त्या ज्वाळांचं काय मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला ती बादली जास्त खरी वाटते.

पुढे वर्ग बंद पडले, मुली रडत होत्या, आपली पापं कबूल करत होत्या. नंतर त्यांचे गट आसपासच्या गावांत जाऊ लागले. अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटची, जिथून पेंटेकोस्टल चळवळ सुरू झाली असं सगळीकडे सांगतात, ती गोष्ट एप्रिल १९०६ ची. केडगाव त्याच्या आधीचं!

मिनी एब्रम्स नावाची अमेरिकन बाई रमाबाईंच्या मदतीला होती. तिने या सगळ्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि शिकागोतल्या आपल्या वर्गमैत्रिणीला पाठवलं. ही मैत्रीण तेव्हा चिलीत वालपराइसो शहरात होती, नवरा विलिस हूवर तिथे मेथडिस्ट पाळक. १९०६ च्या भूकंपात ते शहर मोडून पडलं होतं. नवराबायकोने पुस्तक वाचलं, लोकांना घेऊन प्रार्थनेला बसले आणि १९०९ मध्ये तिथेही तेच झालं. वरच्या मंडळींना ही रडारड पसंत पडली नाही. १९१० मध्ये हूवर बाहेर पडले आणि स्वतंत्र मंडळी उभ्या राहिल्या. परदेशी पैसा नाही, शिकलेले पाळक नाहीत, रस्त्यावर उभं राहून प्रचार. आज चिलीतल्या प्रॉटेस्टंटांत बहुसंख्य पेंटेकोस्टल आहेत. दौंड तालुक्यातली ठिणगी कुठे जाऊन पडली बघा.

मिझोराममध्ये १९०६ ला हीच लाट पोचली. तिथे मिशनरी येऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. १९१० पासून तिथल्या बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढू लागल्या, अजूनही काढतात. २०११ च्या जनगणनेत मिझोराममध्ये ख्रिस्ती ८७ टक्के, महाराष्ट्रात एक टक्काही नाहीत.

मग केडगावच्या भोवती गावोगाव मंडळी का उभ्या राहिल्या नाहीत? माझं मत सांगतो, चुकीचं असू शकेल. त्या मुलींना गावच नव्हतं. घर नाही, शेत नाही, भावकी नाही. मिझो बाईकडे निदान स्वतःची चूल होती, मूठ काढायला. नवी मंडळी उभी राहते ती कुणाच्या तरी ओसरीवर.

हे आजच्या स्टेजवाल्या चंगाई सभांचं समर्थन नव्हे. फ्लेक्स, मोठे स्पीकर, बाहेरून आलेले वक्ते, तिसऱ्या दिवशी मैदानात नुसती धूळ. पाळकांनाच विचारलं तर तेही हसले. "तिथून आमच्याकडे कुणी टिकत नाही दादा. जो शेजाऱ्याची उधारी फेडायला जातो, तो टिकतो."

आणि आमच्या धंद्याचं म्हणाल तर १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनावर धर्मांतराच्या मुद्द्यावरून 'केसरी'ने झोड उठवली होती. पण निदान त्यांना समोरच्या बाई कोण आहेत हे माहीत होतं. मला पाळकाचं नावही माहीत नव्हतं.

शेड गेल्यावर पाच कुटुंबं यायची थांबली, कायमची. बाकीची घरोघरी जमू लागली. आता तीन ठिकाणी उपासना होते. "म्हणजे माझ्यामुळे वाढलात की," मी गमतीने म्हणालो. ते हसले नाहीत. त्या पाच कुटुंबांतलं एक त्यांच्या सख्ख्या बहिणीचं होतं.

त्या दैनिकाची आमची तालुका आवृत्ती कधीच बंद पडली, त्यामुळे खुलासा छापायला जागा नाही. इथे लिहितो. त्या शेडमध्ये चौदा कुटुंबं जमत होती. तेरा आधीपासूनच ख्रिस्ती, बहुतेक जुन्या दगडी चर्चमधलीच. चौदावं कुटुंब जागामालकाचं, ते भजनाची पेटी वाजवायला येत. पैसे वाटल्याची एकही तक्रार ठाण्यात नव्हती, फोनवर मला तसं सांगितलंही होतं, ते वाक्य मी बातमीत घेतलं नाही. आणि मी तिथे गेलो नव्हतो.