पगार आणि मानधन

आठव्या वेतन आयोगाची बातमी आली त्या दिवशी किनवटात चहाच्या टपरीवर एक गुरुजी फिटमेंटचा हिशोब लावत बसले होते. लावू द्या, हक्काचं आहे. सातवा आयोग २०१६ पासूनचा, पण राज्यात पगार वाढून हातात पडायला २०१९ उजाडलं.

माझी वहिनी तांड्यावर अंगणवाडी मदतनीस. सकाळी लेकरं गोळा करायची, आहार शिजवायचा, भांडी घासायची. तिला आयोग नाही, कारण तिला पगारच नाही. मानधन आहे! २०१८ ला केंद्रानं सेविकेला ४,५०० आणि मदतनीसला २,२५० रुपये ठरवले, वरची भर राज्याची. २०२२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, या बायांना ग्रॅच्युइटी द्या. तरी डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना संपावर बसावं लागलं, आणि ग्रॅच्युइटी मागण्यांत होतीच. संप पन्नासहून जास्त दिवस चालला. घरात तेव्हा किराणा उधारीवर.

परवा वहिनी म्हणाली, "भावजी, त्या आयोगाला आमचं कुणी कळवलंय का?"

मी काय सांगणार? त्या दिवशी बातमी मी फिटमेंटचीच लावली होती. पेपर गुरुजी विकत घेतात, वहिनी नाही.